वर्षभराची चटणी, वर्षभराचा हिशेब

जूनमध्ये नणंदेच्या मुलीच्या बारशाला गेलो होतो, तिथं पंगतीत शेजारी बसलेल्या एका मावससासऱ्यांनी विचारलं, काय गं, तुझं ते ऑनलाइन चटणी विकायचं जोरात चाललंय म्हणे, किती होतात वर्षाचे? मी पण भाबडी, सांगून टाकलं की ९ लाख १६ हजार जमा झाले. त्यांनी जिलेबी खाता खाता भागाकार केला आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, म्हणजे महिन्याला ७६ हजार, घरी बसून! समोरच्या ओळीतल्या बायकांनी माना वर करून बघितलं आणि नवऱ्याने मान खाली घालून मठ्ठा प्यायला, कारण त्याला माहीत होतं की त्याच आठवड्यात माझ्या स्कूटीचा इन्शुरन्स त्याच्या पगारातून गेला होता. माझ्या अकाउंटला तेव्हा ४ हजार होते.

त्या दिवसापासून डोक्यात किडा वळवळत होता की ७६ हजार गेले कुठं. २०२५ मध्ये इन्कम टॅक्स रिटर्न भरायची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरला ढकलली म्हणून मी पण ढकलत राहिले, पण शेवटी वह्या, बँकेची स्टेटमेंटं, कुरिअरची बिलं सगळं जमिनीवर मांडून बसले. तीन दिवस लागले. आर्थिक वर्ष २०२४-२५ चं जे काय निघालं ते सगळं लिहितेय, कारण मेसेजमध्ये रोज कोणीतरी विचारतंच की ताई मसाल्याच्या धंद्यात किती सुटतात.

माहीत नसेल त्यांच्यासाठी, आम्ही साताऱ्यात घरी कांदा-लसूण मसाला करतो, ज्याला आमच्याकडं कोणी मसाला म्हणत नाही, चटणीच म्हणतात. शिवाय गोडा मसाला, मेतकूट, जवसाची आणि कारळ्याची चटणी, दिवाळीला चकलीची भाजणी. कृती सासूबाईंची, बाकी धावपळ माझी. मी त्यांना आईच म्हणते, त्यामुळं पुढं आई म्हटलं की त्याच.

वर्षात १,४१२ पार्सलं गेली. ऑर्डरींची बेरीज ९ लाख ७४ हजार, त्यातले जवळपास ५८ हजारांचे पैसे आलेच नाहीत किंवा परत दिले, ते का ते पुढं सांगते, हाताशी आले ९ लाख १६ हजार. त्यात ५ टक्के जीएसटी आतच धरलेला, म्हणजे ४३,६०० सरकारचे, ते माझे कधीच नव्हते. राहिले ८ लाख ७२ हजार ४००. इथं एक गंमत आहे, गल्लीतल्या माझ्या मैत्रिणीचा लोणच्याचा धंदा आहे, ती फक्त महाराष्ट्रात विकते, तर तिला ४० लाखांपर्यंत जीएसटीत यायची सक्ती नाही. मी बेंगळुरूला एक पाकीट पाठवलं आणि पहिल्या रुपयापासून नंबर घ्यावा लागला. पण बेंगळुरू, हैदराबाद, गुडगावची मराठी गिऱ्हाइकं सोडून कशी देणार, पुण्यातल्या माणसाला चटणी त्याच्या गावाहून येतेच, गुडगावच्या माणसाला मी लागते.

आता खर्च. सगळे आकडे जीएसटी वजा करून लिहितेय, कारण खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो सरकारला द्यायच्या जीएसटीतून वजा होतो.

कच्चा माल २ लाख ९८ हजार. हे ऐकून कोणी म्हणेल कमीच आहे की, तर हो, मिरचीनं हात दिला. त्या वर्षाची मिरची आम्ही २०२४ च्या मार्चमध्येच भरली होती आणि आठवत असेल तर तेव्हाच, ११ मार्चला, ब्याडगीच्या बाजारात भाव एकदम कोसळला म्हणून शेतकऱ्यांनी बाजार समितीवर दगडफेक केली, गाड्या पेटवल्या. टीव्हीवर ते बघताना मी नवऱ्याला म्हणाले, बिचारे, आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला लक्ष्मीपुरीत फोन करून भाव विचारला. बरं नाही वाटलं, पण विचारला. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, आणि गडहिंग्लजच्या सौद्यातली संकेश्वरी थोडीशी, ती एवढी महाग असते की आई ती स्वतःच्या हाताने मोजून टाकते, मला देत नाही.

पण मिरचीत वाचवलेलं लसणानं खाल्लं. दिवाळीनंतर लसूण किलोला ४०० पर्यंत गेला होता, कांदा पण तेव्हाच वर, आणि सुक्या खोबऱ्याचं तर विचारूच नका, दर खेपेला दुकानदार नवा भाव सांगायचा आणि वर म्हणायचा आजच घ्या वैनी, उद्या हा पण नाही मिळणार, आणि दरवेळी त्याचं खरं ठरायचं. आता पाकिटावर छापलेली किंमत लसणाच्या भावाबरोबर रोज थोडीच बदलता येते! नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मी लसणाच्या प्रत्येक पाकिटामागं पदरचे घालत होते. आईला म्हटलं लसूण थोडा कमी करू का, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी विषयच बंद केला.

मसाला कुटायचा डंक आणि गिरणी मिळून ४१ हजार, म्हणजे तयार मालाला किलोमागं साधारण ३२ रुपये. डंकावर ज्यांनी कधी दिवस काढलाय त्यांनाच कळेल, लोखंडी मुसळं धाडधाड आपटत असतात, शेजारी बोललेलं ऐकू येत नाही, सगळ्यांच्या नाकाला ओढण्या आणि तरी सगळे खोकतायत. आधी मिरची, मग धने-तीळ-खडा मसाला, मग खोबरं, आणि तळलेला कांदा आणि लसूण सगळ्यात शेवटी, नाहीतर उखळात गोळा होऊन बसतो. आई तिथं स्टुलावर बसून असते. चिमूटभर चटणी घेते, तळहातावर अंगठ्याने चोळते, आणि हाताच्या रेषांमध्ये तेल लाल उतरलं का बघते. लाल उतरलं तर मान हलवते, केशरी उतरलं तर म्हणते अजून कुट. डंकवाला दादा म्हणतो, आई पाऊण तास झाला. आई म्हणते, मग अजून पाव तास. हे सगळं मी एकदा रील करून टाकलं होतं, सगळ्यात जास्त बघितलं गेलेलं तेच, आणि त्यात आईचा फक्त हात दिसतो.

पॅकिंगला ७१ हजार. पाऊच, लेबल, खोके, बबल, टेप. टेप एवढी लागते की वर्षभरात टेपने सातारा ते कास गुंडाळला असता असं नवरा म्हणतो.

कुरिअर १ लाख २२ हजार आणि इथं माझा मूर्खपणा आहे, तो सविस्तर लिहिते म्हणजे दुसरं कोणी करणार नाही. कुरिअरवाले वजनाचे पैसे घेतात हे खरं, पण नुसत्या वजनाचे नाही. खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटीमीटरमध्ये, भागिले ५,०००, हे जे येतं ते आणि काट्यावरचं वजन यात जे जास्त त्याचे. माझा खोका होता ३० बाय २० बाय १५, दिसायला छान, आत कागदाच्या पट्ट्या, आमचं आभाराचं कार्ड वगैरे. गुणाकार ९,०००, भागिले ५,००० म्हणजे १.८, म्हणजे २ किलोचा दर. आत चटणी किती, पाऊण किलो! पाच महिने मी हवा पाठवत होते, साताऱ्याची हवा, ५०० खोके भरून, पार्सलमागं १०४ रुपये देऊन. ऑगस्टमध्ये बिलातला एक कॉलम काय आहे म्हणून पिकअपला येणाऱ्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला ताई तुम्हाला माहीत नाही? मला वाटलं तुम्हाला मोठा खोका आवडतो. मग २५ बाय १८ बाय १० चा करून घेतला, तो एक किलोच्या आत बसतो. त्यानंतरच्या ९१२ पार्सलांना सरासरी ७१ रुपये पडले. जुने खोके अजून माळ्यावर आहेत, त्यात मुलाची खेळणी ठेवलीत.

कुरिअरच्याच बिलात परतीचे पाच हजार आहेत. कॅश ऑन डिलिव्हरीच्या (सीओडी) ४६८ ऑर्डरी होत्या, त्यातल्या ८३ परत आल्या. कुरिअरच्या भाषेत आरटीओ, गाडी पासिंगचं नाही, रिटर्न टू ओरिजिन. जायचं भाडं माझं, यायचं भाडं माझं. माणूस रात्री साडेअकराला रील बघून भूक लागल्यावर ऑर्डर करतो आणि चार दिवसांनी फोन उचलत नाही. एक पार्सल नागपूरला जाऊन २३ दिवसांनी परत आलं, खोक्याचा कोपरा तेलाने काळा पडलेला, आत पाऊच फुटलेला, आणि तो पिकअपचा पोरगा हाताच्या अंतरावर धरून उभा, म्हणाला ताई गाडीतली सगळी पार्सलं शिंकतायत. जानेवारीपासून मी नियम केला की सीओडी पाहिजे तर १०० रुपये आधी पाठवायचे. काही लोकांनी ऐकवलं, एवढा विश्वास नाही का गिऱ्हाइकावर. नाही. ८३ पैकी ७९ परत आल्या त्या नियमाच्या आधी आणि ४ नंतर, त्यामुळं माझा विश्वास १०० रुपयांवर आहे.

अ‍ॅडवर ६४ हजार. अ‍ॅडमधून आलेल्या ऑर्डरी मोजल्या, ३१०. म्हणजे एका ऑर्डरीमागं २०६ रुपये. मग माल, डंक, मजुरी, पॅकिंग, कुरिअर असा ऑर्डरीमागचा खर्च जाऊन पोचलेल्या एका ऑर्डरीत मला सुटतं किती ते काढलं, ढोबळ मानानं २११. दोनशे सहा देऊन दोनशे अकरा. पाच रुपयांसाठी मी रात्री एक-एक वाजेपर्यंत कुठला फोटो चालतोय, कुठला नाही हे बघत बसत होते, निळ्या ग्राफकडं बघून खूश होत होते. अर्थात त्यातलं गिऱ्हाईक परत आलं तर परतच्या वेळी अ‍ॅडचे पैसे नसतात, हे मान्य, आणि आलेत पण बरेच. पण जे खरं जुनं गिऱ्हाईक आहे ते अ‍ॅडमधून आलेलंच नाही, ते कोणाच्या तरी डब्यातून आलंय. ऑफिसात डबा उघडला, शेजारच्याने विचारलं चटणी कुठली, की आला मेसेज. व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस टाकायचं, उद्या डंकावर जातोय, ताजी पाहिजे त्यांनी सांगा, की संध्याकाळपर्यंत वीस-पंचवीस नावं. खर्च शून्य.

बाकी भराभर सांगते. कामाला दोन मावश्या येतात, निवडणं, भाजणं, पाकिटं भरणं, दिवसाला ४००, वर्षाचे ८६ हजार. गॅस-लाइट २१ हजार. वेबसाइट, डोमेन वगैरे १९ हजार. ऑनलाइन पैसे घ्यायचं कमिशन ११ हजार. सीए, लेबलचं डिझाइन, किरकोळ असं १८ हजार. खाण्याचे पदार्थ विकायला लागतं ते एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन मात्र २०२४-२५ मध्ये वर्षाला १०० रुपयांवर होतं, तेव्हा १२ लाखांच्या उलाढालीपर्यंत ते चालायचं, त्याच्या वर गेलं की स्टेट लायसन्स. लोक म्हणायचे धंदा वाढव, मी त्या १२ लाखांच्या रेषेकडं बघून म्हणायचे वाढेल हळूहळू.

सगळं मिळून खर्च ७ लाख ५१ हजार. ८ लाख ७२ हजार ४०० मधून वजा केले की उरले १ लाख २१ हजार ४००. महिन्याला १० हजार आणि वर थोडे सुट्टे. सीए म्हणाले, छान आहे की मॅडम, १४ टक्के सुटलेत, इन्कम टॅक्सच्या छोट्या धंद्यांसाठीच्या ४४एडी कलमात डिजिटल जमेवर किमान ६ टक्के दाखवायला लागतात, तुमचे दुपटीहून जास्त. टॅक्स शून्य, नव्या पद्धतीत त्या वर्षी ७ लाखांपर्यंत लागतच नव्हता. मी म्हटलं सर, पण हे १ लाख २१ हजार आहेत कुठं, अकाउंटला तर नाहीत. ते हसले, म्हणाले माळ्यावर बघा. आणि खरंच की, मार्चमध्ये पुढच्या वर्षाची मिरची भरली होती, १ लाख ४० हजारांची, ती या वर्षाच्या खर्चात धरलीच नाही, कारण ती अजून कुटली कुठंय! म्हणजे नफा झाला, पण तो पोत्यात आहे आणि थोडा कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. स्कूटीचा इन्शुरन्सवाला मिरची घेत नाही एवढाच प्रॉब्लेम.

महिन्यांचं पण बघितलं. ऑक्टोबरला १ लाख ४८ हजार, भाजणीमुळं. एप्रिलला १ लाख १९ हजार, वर्षाची चटणी भरायचे दिवस. आणि ऑगस्टला ३१ हजार! मला आधी वाटलं वेबसाइट बिघडली. आई म्हणाली, अगं श्रावण आहे, लोकं कांदा-लसूण खात नाहीत. २०२४ ला श्रावण ५ ऑगस्टला लागला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला संपला, बरोब्बर माझा तो महिना. एवढे पैसे भरून अ‍ॅडचे कोर्स केले, त्यात कोणी सांगितलं नाही की श्रावणात कांदा-लसणाची अ‍ॅड करू नका. त्या ३१ हजारांतले पण निम्मे अमेरिका-जर्मनीला मास्टर्सला निघालेल्या पोरांच्या आयांनी दिलेत. बॅगेत वास नको म्हणून डबल व्हॅक्यूम पॅक मागतात, आणि पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या म्हणतात, थोडी घालायची. २०२५ ला श्रावणाआधीच गोडा मसाला पुढं केला, त्यात कांदाही नाही लसूणही नाही.

आता मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो भाग. तासांची वही मी ठेवत नाही, पण अंदाज येतो. मी रोज सहा तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १,८०० तास. १ लाख २१ हजार भागिले १,८०० म्हणजे तासाला ६७ रुपये. म्हटलं ठीक आहे, मावश्यांना ४०० रुपये सात तासांचे म्हणजे ५७ पडतात, मालकिणीला दहा रुपये जास्त, धंदाच तो. आणि मग लक्षात आलं की यात आई कुठंच नाही. रोजचे चार तास, अडीचशे दिवस, मिरचीची देठं खुडण्यापासून डंकावरच्या स्टुलापर्यंत, १,००० तास, आणि वहीत एका ओळीतसुद्धा नाव नाही. टेपचा कॉलम आहे, आईचा नाही. दोघींचे २,८०० तास धरले तर तासाला ४३ रुपये. म्हणजे मावश्यांना आमच्यापेक्षा जास्त मिळतात, आणि मालाची सगळी चव जिच्या तळहातावर ठरते ती वर्षभर फुकट.

दुसरा एक आकडा पण जुळेना. तयार माल झाला १,२६० किलो. विकला १,१५२. परत आलेला, फुटलेला, भिजलेला ७४. राहिले ३४ किलो. पोत्यात नाहीत, डब्यात नाहीत. म्हटलं चोरी म्हणावी तर चटणी कोण चोरणार, मावश्या तर स्वतःच्या घरी स्वतःची करतात. दोनदा वजनं तपासली, बेरजा तपासल्या. मालाच्याच किमतीत ८ हजारांची चटणी हवेत गेली.

रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन आईंच्या शेजारी बसले. सगळं सांगितलं, ७६ हजार नाही, १० हजार, आणि ते पण माळ्यावर. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा लावून एक-दोन आकडे बघितले. मी म्हटलं, आई, तुमचे पैसे मी कधी धरलेच नाहीत, यंदापासून धरायचेत. मनात मी मावश्यांच्या दराने काढून ठेवलं होतं, ५७ गुणिले १,०००, ५७ हजार. मला वाटलं नको नको म्हणतील, घरचंच आहे म्हणतील. त्या म्हणाल्या, डंकवाल्याला किलोला किती देतेस?

"बत्तीस."

"मग मला चाळीस दे. त्याची मुसळं मोटार उचलती, माझा हात मीच उचलते."

मी फोनवर गुणाकार केला, १,२६० किलोचे ५०,४००. माझ्या आकड्यापेक्षा साडेसहा हजारांनी कमी. खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मी गप्प बसले, धंद्याची सवय. मग सांगितलं की आई, माझ्या हिशेबानं सत्तावन्न हजार होतात. त्या म्हणाल्या, मग तेच दे की, विचारतेस कशाला. आणि वही माझ्याकडं सरकवत म्हणाल्या, फक्त त्या चौतीस किलोचं परत विचारायचं नाही. घरी आलेल्या माणसाला मी रिकाम्या हाताने पाठवणार नाही, आणि तुझा तो मावससासरा दर वेळी दोन किलो नेतो.